वहिनीचा चिमटा

लाँड्रीत तिला सगळे वहिनी म्हणत. खरं तर ती तिथं एकीचीच वहिनी होती. तिची नणंद दिवसभर समोर उभी राहून वहिनी, वहिनी करायची, ते ऐकून बाकीच्यांनीही तेच उचललं, आणि बघता बघता बॉयलरवाल्यापासून गेटवरच्या माणसापर्यंत सगळी लाँड्रीच तिच्या सासरची झाली. नणंदेला ती वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. वन्सं तिच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या, त्यामुळे त्या तिला वहिनी म्हणत, पण अगं-तुगं करून. दोघींना जोडणारा जो होता, एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा, तो नऊ वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला. त्यानंतर कोणी वेगळं बिऱ्हाड केलं नाही. वन्संचं लग्न झालेलं नव्हतं आणि वहिनीला परत जायला कोणी उरलं नव्हतं, असं सांगणं सोपं आहे. पण खरी गोष्ट अशी की त्यांचं जमायचं. नणंद-भावजयीचं इतकं जमतं हे बघून लोकांना जरा चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

लाँड्री म्हणजे रस्त्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. तीन हॉस्पिटलांच्या चादरी तिथं रोज गाडीनं येत. खोलीएवढ्या ड्रममध्ये त्या धुतल्या जात, मग गरम रुळांमधून निघत आणि कोमट होऊन घडीच्या टेबलांवर येऊन पडत. घडी घालणाऱ्या चोवीस बायका होत्या, म्हणजे बारा जोड्या. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरायचं, एक झटका द्यायचा, कडा जुळवायच्या, आणि मग एकीनं चालत जाऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. वन्सं म्हणायच्या, "ये." वहिनी चालत जायची, कोपरे द्यायची आणि म्हणायची, "घ्या." मग लोंबतं टोक उचललं, आणखी एक घडी घातली की चादर गठ्ठ्यावर. ये, घ्या, ये, घ्या, दिवसाला पाचशे वेळा. घरी दोघी भांडल्या असल्या, आणि क्वचित भांडायच्याही, तरी सकाळी पहिल्या चादरीला हे दोन शब्द बोलावेच लागत. त्यामुळे त्यांचं भांडण रात्र ओलांडून कधी गेलं नाही.

वन्संचे पुढचे चार दात पडले होते. हसू आलं की त्या तोंडावर हात घेत, अगदी घरीसुद्धा, अगदी वहिनीसमोरसुद्धा. पण घडी घालताना दोन्ही हात चादरीत गुंतलेले असायचे. तेव्हा वहिनीनं एखादी कोपरखळी मारली की वन्संना तोंड झाकायची सोय नसायची, त्या मनमोकळ्या हसायच्या आणि ते फक्त वहिनीला दिसायचं, कारण मध्ये चादर पसरलेली असायची. वहिनी मुद्दाम तोच मोका साधून बोलायची.

आता चिमट्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

लाँड्रीत एक नियम होता: जोडी मोडली की हजेरी मोडली. दोघींपैकी एक आली नाही तर दुसरीला काम नाही, तिनंही घरी जायचं. आदल्या वर्षी वन्संचा उजवा खांदा धरला. हात कमरेच्या वर जाईना. घरी बसावं तर दोघींचा रोज बुडणार, म्हणून त्या तशाच कामावर आल्या आणि वहिनीनं त्यांना गठ्ठ्यांच्या आड बसवलं. मग डोकं चालवून तिनं खिडकीच्या गजांना, डोक्याच्या जरा वर, दोन मोठे चिमटे अडकवले. चादरीचे दोन कोपरे चिमट्यांत, दोन आपल्या हातात. झटका द्यायचा, चालत जायचं, आपले कोपरे चिमट्यात द्यायचे, टोक उचलायचं. पहिल्या दिवशी फजिती झाली. तिसऱ्या दिवशी हात बसला. आठव्या दिवशी ती एकटी जवळजवळ चारशेपर्यंत पोचली. वन्सं बसल्या बसल्या गठ्ठे सारखे करत होत्या आणि हजेरीपटावर दोघींची नावं सुखरूप होती.

हे सुपरवायझरनं पाहिलं. दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघायची त्याला सवय होती म्हणून बायका त्याला घड्याळ म्हणत; घड्याळ आलं म्हटलं की सगळ्या गप्प. घड्याळ वहिनीमागे बराच वेळ उभं राहिलं. ती घाबरली, आता हजेरी कापली जाणार म्हणून. पण तो एवढंच म्हणाला, की डोकं आहे हो तुला, वहिनी.

इथं तिचं चुकलं. तिनं घाबरूनच राहायला हवं होतं. पण आयुष्यात तिच्या डोक्याचं कौतुक कोणी केलं नव्हतं, आणि कौतुक कोणाला नको असतं? दुपारी डबे उघडल्यावर तिनं सगळ्यांना ते चिमटे नेऊन दाखवले. दोघी-तिघींनी करूनही पाहिलं. सगळ्यांत जुनी जी होती, जिला सगळ्या मावशी म्हणत, तिनं मान हलवली आणि अशी अक्कल सुचली तर ती पोटात ठेवावी, असं काहीतरी पुटपुटली. वहिनीला वाटलं, म्हातारीला मत्सर वाटतोय. वन्संचा खांदा महिन्याभरात थोडा सुटला, जोडी पुन्हा उभी राहिली, चिमटे गजांवर तसेच राहिले.

पुढं पाच महिन्यांनी सरकारनं किमान वेतन वाढवलं. हजेरीच्या यंत्राशेजारी कागद लागला आणि वहिनीनं तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. वाढ थोडीथोडकी नव्हती, जवळजवळ दीडपट होती. वन्संनी किमान म्हणजे काय ते विचारलं.

"किमान म्हणजे निदान, वन्सं. निदान एवढं तरी द्यायलाच हवं, असा कायदा."

"म्हणजे इतकी वर्षं आपण निदानाच्याही खालीच होतो की," वन्सं म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

त्या आठवड्यात बायकांच्या चालण्यातच फरक पडला. कोणी मुलाची शाळा बदलणार होती, कोणी गळकं छप्पर. वहिनीनं ठरवलं होतं की पहिल्या वाढीव पगाराला वन्संचे दात. डॉक्टरकडे जाऊन तिनं विचारूनही ठेवलं होतं. वन्सं म्हणाल्या, आता या वयात दात कोणाला दाखवायचे. पण त्या रात्री आरशासमोर जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या, ते वहिनीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग एका सकाळी ड्रिल घेऊन एक माणूस आला. त्यानं घडीखात्याच्या भिंतीत बारा जागी, डोक्याच्या वर टीचभर, दोन-दोन चिमटे बसवले. चांगले स्टीलचे, रबर लावलेले, वहिनीच्या प्लास्टिकच्या चिमट्यांसारखे निसटणारे नव्हेत. वहिनीला आधी काही कळलंच नाही. उलट तिला क्षणभर बरं वाटलं, आपली युक्ती मालकापर्यंत पोचली म्हणून. ते बरं वाटणं तिला पुढं फार छळत राहिलं.

सुपरवायझरनं सगळ्यांना जमवून सांगितलं. हॉस्पिटलांशी वर्षाचा करार जुन्याच दरानं झालेला आहे, ती वर एक पैसा देणार नाहीत. कायदा पाळायचा तर मालकाला माणसं कमी करणं भाग आहे, आणि घडी एकटीला घालता येते हे आता दिसलेलंच आहे. जोडीतली एक राहील, एक जाईल. राहील तिला वाढीव पगार, पूर्ण, कायद्याप्रमाणे. जोडीतलं कोण, ते त्याला ठरवायचं नव्हतं. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाला, शनिवारपर्यंत मला राहणारीचं एक नाव द्या.

तो वाईट माणूस नव्हता. मालकही काही राक्षस नव्हता. आणि वाढही खोटी नव्हती. धुण्याच्या बाजूच्या कोणालाच काढलं नाही, कारण तिथं चिमट्यानं भागण्यासारखं काही नव्हतं. त्यांचे पगार वाढले, आणि बॉयलरवाल्यानं महिन्याभरात बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्याच्या बायकोला आता दिसतं. हे सगळं खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण घडीखात्यात त्या दिवशी चोवीस बायका भिंतीकडे बघत उभ्या होत्या आणि मग त्यातल्या तेवीस वहिनीकडे बघायला लागल्या. नाही, बावीस. वन्सं चादर उचलत होत्या.

"ये," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेली. तिनं रात्रभर विचार करून एक वाट काढली होती.

"साहेब, आम्हा दोघींना जुनाच पगार द्या. वाढ नको. दोघींना ठेवा."

त्यानं मनगटाकडे पाहिलं नाही. निदान तेवढं तरी केलं त्यानं.

"कमी घ्यायची तुझी तयारी असेल, वहिनी. पण कमी द्यायची मला सोय नाही. तपासणी आली तर दंड होतो. कायदा तुमच्या बाजूचा आहे, त्यात मी काय करू?"

मग एक दिवसाआड येऊ का दोघी, एका नावावर, तिनं विचारलं. तेही बसत नव्हतं. हजेरी आता अंगठ्याची होती, आणि अंगठा एकीचाच. वहिनी बाहेर आली आणि पाण्याच्या पिंपाशी उभी राहून रडली. गेली कित्येक वर्षं पगार वाढावा म्हणून तिनं देवाला साकडं घातलं होतं आणि आज वाढ नको म्हणून ती माणसापुढं हात जोडून आली होती.

तरी एक मार्ग उरला होता, आणि तोच तिला योग्य वाटत होता. आपण जायचं, वन्संना ठेवायचं. ती चव्वेचाळीसची होती, धडधाकट होती, कुठंतरी भांडी घासायला तरी मिळालंच असतं. पंचावन्नच्या, दात पडलेल्या, खांदा धरलेल्या बाईला कोण दारात उभं करणार? वन्संना सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत, म्हणून तिनं सांगितलंच नाही. घरी आल्यावर पुढच्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या वर तिनं दोन खिळे ठोकले आणि त्यांना चिमटे बांधले. नुसतं करून बघा हो, म्हणाली, गंमत म्हणून.

वन्संना कळलं असणारच. वन्संना कधी काही कळलं नाही असं झालं नव्हतं. पण त्या उठल्या, घरातली चादर घेतली आणि चिमट्यांकडे हात नेला. डावा पोचला. उजवा खांद्याच्या बरोबरीला येऊन थांबला. त्यांनी टाचा उचलल्या. मग पाटावर उभ्या राहिल्या. पाटावर चढता-उतरता तीन घड्यांना चहा उकळून आटेल एवढा वेळ लागला. वहिनीनं खिळे खाली घेतले, तर चादर जमिनीवर लोळायला लागली, आणि हॉस्पिटलची चादर जमिनीला लागली की ती परत ड्रममध्ये. तिनं खिळे पुन्हा वर ठोकले. चौकटीच्या पोपड्यांनी उंबरठा भरला. वन्संनी आणखी एकदा उजवा हात डाव्या हातानं धरून वर ढकलला. चिमटा सुटला, चादर त्यांच्या डोक्यावरून अंगभर पडली आणि आतून त्यांचं हसू ऐकू आलं. चादरीतसुद्धा त्यांनी तोंडावर हात घेतला होता, तो वहिनीला वरून दिसला.

"पुरे ग," वन्सं आतूनच म्हणाल्या. "माझा हात तुझ्या डोक्याएवढा नाही चालत."

शनिवारी वहिनी सुपरवायझरकडे नाव द्यायला गेली तेव्हा तिचंच नाव आधी दिलेलं होतं. वन्सं सकाळी पाणी प्यायला म्हणून गेल्या होत्या त्या तिथंच जाऊन आल्या होत्या. वहिनी परत येऊन टेबलाशी उभी राहिली. बोलायला सवड नव्हती, रुळांतून चादरी येतच होत्या. त्या दिवशीच्या पाचशेही त्यांनी पुऱ्या केल्या. शेवटच्या चादरीला वन्सं म्हणाल्या, ये. वहिनी चालत गेली, कोपरे वन्संच्या हातात दिले, पण स्वतःचा हात सोडवेना तिच्यानं. दोघींच्या बोटांत मिळून चार कोपरे होते. वन्संनी हळूच तिची बोटं एकेक करून बाजूला केली आणि टोक उचललं.

बारा बायका गेल्या. मावशीही गेली. गेलेल्यांपैकी दोघी शेजारच्या गल्लीत राहत; त्या आता वहिनी दिसली की नळावर भांडं तसंच ठेवून घरात जात. लाँड्रीत भिंतीवरच्या त्या चिमट्यांना वहिनीचा चिमटा असंच नाव पडलं. कोणी ठेवलं कोण जाणे, रागानं ठेवलं की सहज, तेही माहीत नाही. पुढं नवीन आलेल्या बायका तर ते नाव वस्तूचंच समजून चालल्या. वहिनीचा चिमटा सैल झालाय, वहिनीच्या चिमट्याचं रबर गेलंय, असं दिवसातून दहादा कानावर पडायचं आणि प्रत्येक वेळी ती मान वर करायची.

पगार वाढला. पहिल्यांदा तो हातात आला तेव्हा ती नोट नोट चाचपत बसली, कारण एका बाईच्या हातात एवढे पैसे तिनं कधी पाहिले नव्हते. आणि घरात मात्र ते पुरेनात, कारण घरात आधी दोन पगार यायचे. एकाचा दीडपट झाला तरी तो दोन होत नाही, हे कळायला शाळा लागत नाही. दातांचा विषय निघाला नाही. दोन महिन्यांनी आतली खोली घरमालकाला परत दिली आणि दोघी पुढच्या खोलीत आल्या. पोटाला चिमटा घेणं म्हणजे काय ते दोघींना ठाऊक होतं, पण आता तो शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं.

वन्संना चार दारं सोडून एका अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंपाशी काम मिळालं. उठवणं, बसवणं, पुसून काढणं. खांदा त्यालाही लागतोच, पण तिथं बघायला घड्याळ नव्हतं. तिथं किमान वगैरेही नव्हतं. जेवण मिळायचं आणि महिन्याअखेर ते लोक समजुतीनं जे देतील ते. वन्सं जेवणातलं निम्मं कागदात बांधून घरी आणत आणि मला तिथं जातच नाही ग, असं सांगत. वहिनी ते निमूट खायची. नको म्हटलं असतं तर वन्संना आणखी काय उरलं असतं? एके काळी त्या घरात निम्मा पगार आणत होत्या, आता निम्मं जेवण आणत होत्या, आणि दोन्ही आणताना त्यांचा चेहरा सारखाच असायचा. वहिनीला ते बघवत नसे.

कामावर ती एकटी भिंतीशी उभी राहायची. सुरुवातीला तोंडून घ्या निघून जायचं, भिंतीला. शेजारची हसायची. मग हळूहळू ते निघेनासं झालं. साडेतीनशे झाल्या, चारशे झाल्या, चारशे साठ झाल्या. हात इतका बसला की कोपरे चिमट्यात कधी गेले ते तिला कळतही नसे.

एका रविवारी तिनं घरची चादर धुऊन बाहेर दोरीवर टाकली होती. दुपारी ती वाळली. वन्सं आजीबाईंकडून तेव्हाच परतल्या होत्या, चप्पल काढून आत आल्या होत्या. वहिनी चादर घेऊन आत आली. मनात काही नव्हतं, उद्या डब्यात काय न्यायचं त्याचा विचार चालला होता. चौकटीच्या वरचे ते दोन खिळे आणि चिमटे तसेच राहून गेले होते. तिनं दोन कोपरे त्यांत दिले, मागे सरली, झटका दिला, चालत गेली, टोक उचललं, घडी घातली. सगळं मिळून मिनिटभराचंही काम नव्हतं.

मग ती वळली. वन्सं खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही हात पुढं करून उभ्या होत्या. बोटं कोपरे धरायला वाकवलेली होती आणि तोंड अर्धं उघडं होतं, शब्द यायचा राहिला होता. चारही पडलेल्या दातांची जागा दिसत होती.

वहिनीनं घाईघाईनं घडी मोडली, चादर झटकून पसरली आणि दोन कोपरे वन्संकडे धरले.

"घ्या ना, वन्सं."

वन्संनी हात खाली घेतले. एक हात तोंडावर गेला, पण त्या हसत नव्हत्या.

"झालेली घडी कशाला मोडतेस," त्या म्हणाल्या, आणि बाजूला ठेवलेली कागदाची पुडी सोडून तिच्यासाठी आणलेलं जेवण ताटलीत काढायला लागल्या.